मानेत टोचण्याआधी चाचणी हवी

महोदय,

माझं शहापुरात ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. लग्नसराईत मशीनवरून मान वर निघत नाही आणि मानेकडून खांद्यावर उतरणाऱ्या स्नायूत सुपारीएवढी गाठ धरते. दाबली की कळ थेट कानामागे. त्यामुळे कोरियात चालणाऱ्या अॅक्युपंक्चर-इंजेक्शनबद्दल कळलं तेव्हा कान टवकारले. ठरावीक बिंदूंवर वनस्पतींचा अर्क, कधी चक्क मधमाशीचं विष, थोडंसं टोचतात.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात असलंच काही सुरू झालंय. सिरिंजमध्ये काय आहे विचारलं, तर उत्तर "आयुर्वेदिकच आहे हो, ताई". वा! त्यात मधमाशीचं विष असलं आणि त्याची अॅलर्जी असली तर जिवावर बेतू शकतं, त्याचं काय?

मुळात नुसती सुई टोचली तरी अशी गाठ सैल पडू शकते. मग गुण औषधाचा की सुईचा? त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला औषध, दुसऱ्याला साधं सलाइन, आणि कुणाला काय दिलं हे दुखणं मोजणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. अशा चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे. ती कुणालाही फुकट पाहता येते.

बेळगावात अशी चाचणी घेतलीच, तर वडगावचे विणकर आणि निपाणीच्या विडी कामगार बायका आधी घ्या. संमतिपत्र मात्र मराठीतही द्या. कन्नड-इंग्रजी कागदावर माझ्या सासूबाईंना सही कुठे करायची एवढंच कळतं.

एक शिवणकाम करणारी वाचक,
शहापूर, बेळगाव