टपालाच्या फेरीतली गाणी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "हा जॉन प्राइन आहे तरी कोण?" तेव्हा घाईत काहीतरीच सांगितलं. म्हणून आज सवडीनं लिहितोय.

हा अमेरिकेतला गायक, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारा. त्याचा जन्म १९४६चा, शिकागोजवळच्या मेवुडचा. आईवडील मात्र केंटकीतल्या कोळशाच्या मुलखातून आलेले. वडिलांमुळे घरात कंट्री गायक हँक विल्यम्सची गाणी होतीच. चौदाव्या वर्षी थोरल्या भावानं गिटार शिकवली, तीही कार्टर फॅमिली या जुन्या लोकसंगीत गाणाऱ्या कुटुंबाच्या वळणाची. पुढे बॉब डिलनची गाणीही आली. पण माझ्या मते त्याची खरी शाळा टपालाची फेरी. पोस्टमन होता तो! रोज तेच रस्ते, तीच दारं. पाय आपोआप चालायचे आणि डोक्यात गाणी जुळायची.

लहानपणी तो मित्राबरोबर एका वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा. तिथले काही म्हातारे तो आपलाच नातू असल्यासारखं इतरांना भासवायचे. त्या आठवणीचा 'हॅलो इन देअर' या त्याच्या गाण्यात मोठा वाटा आहे. कोरियाच्या युद्धात मुलगा गमावलेलं जोडपं, दोघांत बोलणं उरलेलं नाही. मुलाचं जाणं तो दोन ओळींत सांगून पुढे सरकतो. मी दर वेळी तिथेच अडकतो. पंचविशीही न गाठलेल्या पोराला हे कुठून कळलं असेल?

१९७०मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'चे सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला एका छोट्या क्लबात ऐकलं आणि सिनेमा सोडून त्याच्यावरच लिहिलं. पुढच्याच वर्षी पहिली रेकॉर्ड आली. तिच्यात व्हिएतनामच्या युद्धातून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकाचं 'सॅम स्टोन' हे गाणं आहे, आणि 'पॅराडाइज'ही. पॅराडाइज हे त्याच्या आईवडिलांच्या मुलखातलं खरंखुरं गाव. आसपासची जमीन कोळशासाठी खरवडली गेली आणि गाव नकाशावरून पुसलं गेलं. गाणं वडिलांसाठी लिहिलेलं. टेप घरी आणून लावली, तर वडील उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, तर ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर, लागलंय असं वाटावं म्हणून. ही रेकॉर्ड बाजारात आलेली बघायला ते राहिले नाहीत.

१९९८मध्ये मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आवाज खोल आणि खरखरीत झाला. मला हा दुसरा आवाज जास्त जवळचा वाटतो. २०१८ची 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस' ही रेकॉर्ड त्याच आवाजातली. एप्रिल २०२०मध्ये कोविडनं त्याला नेलं. ते कळलं त्या रात्री मी झोपलो नाही.

तू १९७१च्या रेकॉर्डपासून सुरुवात कर. आणि 'पॅराडाइज' लागलं की दिवा मालवून शेजारच्या खोलीत जाऊन बस.

तुझाच,
मित्र