थंडी लंडनची की मेलबर्नची?

संपादक महोदय,

परदेशी जाणाऱ्या पोरांना सगळे फक्त पगाराचंच सांगतात म्हणून लिहितोय. लंडन, मेलबर्न दोन्हीकडे राहून आता पुण्यात परत आलोय आणि खरं सांगू का, थंडी जास्त वाजली ती मेलबर्नला, कारण तिथलं आमचं जुनं भाड्याचं घर म्हणजे सिंगल काच, फटी अन् हीटर एकाच खोलीत, लंडनला डिसेंबरात चारलाच अंधार पण घरात खोलीखोलीत रेडिएटर. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरला की जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फी नाही (अपॉइंटमेंट मिळाली तर!), ऑस्ट्रेलियात आपल्याला टेम्पररी व्हिसावर सहसा मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, नाही, प्रायव्हेट इन्शुरन्स काढा. आणि भारत राष्ट्रकुलात असल्यानं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयाला तिथं मतदानही करता येतं, हे तर कुठला एजंट सांगतच नाही.

– एक वाचक, पुणे