आत्याची शेवटची वर्षं सांभाळणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

आमची आत्या ९४ वर्षं जगली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, होऊन ती पाटण तालुक्यात प्राथमिक शाळेवर लागली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या त्याच्या आधीपासून ती शिकवत होती आणि थेट अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर भिंतींचा भरवसा राहिला नाही, तेव्हा तिने आंब्याखाली फळा टेकवून वर्ग भरवले. हे सगळं सांगायला तिचे विद्यार्थी गावोगाव आहेत. शेवटची तीन वर्षं मात्र ती अंथरुणावर होती आणि तो काळ फक्त तुम्ही जवळून पाहिलात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत.

पहिल्या दिवसापासून तुम्ही तिला ‘आजी’ न म्हणता ‘बाई’ म्हणालात. भरवायच्या आधी पावकी नाहीतर निमकी, म्हणजे पावाचा किंवा अर्ध्याचा पाढा, विचारायचात. ती औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढाही, घडाघडा म्हणायची. पाहुण्यांना ती करमणूक वाटे, पण तुमचा हिशोब पक्का होता. पाढा अडखळला तर बाई पुरत्या जाग्या नाहीत, आणि गुंगीत भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. चार घासांनंतर पुन्हा दोन ओळी म्हणायला लावायच्या. आवाज ओला, घुरघुरता आला की घशात काहीतरी राहिलंय, वाटी खाली ठेवायची. जन्मभर तिने पोरांकडून पाढे घोकून घेतले, तेच पाढे शेवटी तिच्या जेवणाची राखण करत होते. हे तुम्हालाच सुचलं, आणि तुमचे सर्वांत जास्त आभार त्यासाठीच.

भरवण्याची रीतही तुमचीच. पाठ सरळ, हनुवटी छातीकडे, लहान चमचा अर्धाच भरलेला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा घास, आणि शेवटी गालात काही साठलंय का ते बघायचं. ठसका जेवणापेक्षा साध्या पाण्याने जास्त लागतो, कारण पाणी पातळ असतं आणि गिळायची तयारी होण्याआधीच घशात उतरतं. म्हणून डॉक्टरांना विचारून तुम्ही पातळ पदार्थ दाटसर केलेत. नाचणीचं सत्त्व दोन लहान चमचे आणि पाणी एक वाटी: आधी गार पाण्यात कालवायचं, मग मंद आचेवर ढवळत शिजवायचं आणि गाळून घ्यायचं. गुठळी राहिली तर तीच घशात अडकते. निवल्यावर पेज आणखी आळते, म्हणून दाटपणा भरवताना बघायचा, चुलीवर नव्हे.

जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं, आणि मग डोक्याकडची बाजू खाली घ्यायचीच. पलंग उंच राहिला तर माणूस हळूहळू घसरतं. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते, आतलं हाड मात्र पुढे सरकतं आणि माकडहाडावर जखम धरते. म्हणूनच वर सरकवताना बगलेत हात घालून ओढायला तुम्ही कोणालाही मनाई केली होती. खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी सुती चादर, दोन बाजूंना दोघं, आणि किंचित उचलून सरकवायचं.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर नाही, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून तीसेक अंशांत कलतं ठेवायचं, गुडघ्यांमध्ये एक घडी, पोटऱ्यांखाली दुसरी, टाचा अधांतरी. एअरबेड आणला म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असा पुष्कळ घरांत समज असतो. तो चुकीचा आहे. हवा जास्त झाली तर तो फळीसारखा कडक होतो, आणि वर जाड गोधडी टाकली तर त्याचा उपयोगच उरत नाही.

आत्या सावळी, त्यामुळे लाली चटकन दिसायची नाही. तुम्ही रोज आंघोळीनंतर हाताची मागची बाजू टाचा, खुबे आणि माकडहाडावरून फिरवायचात. आजूबाजूपेक्षा एखादी जागा गरम किंवा टणक लागली, की त्या अंगावर निजवणं बंद. चोळायचं तर अजिबात नाही, आतलं नाजूक मांस आणखी दुखावतं. तीन वर्षांत तिला एकही बेडसोर झाला नाही.

वहीत तुम्ही लघवीचा रंग आणि वेळाही टिपत होतात. एका संध्याकाळी ती अचानक असंबद्ध बोलू लागली. ताप नव्हता, तरी तुम्ही लघवी तपासायला पाठवलीत आणि संसर्ग निघाला. वय झालं, भ्रम व्हायचाच, असं म्हणून सोडून दिलं असतं तर उपचाराचे दिवस हातचे गेले असते.

ज्यांच्या घरी अशी ताई आहे त्यांना एवढंच सांगणं: आठवड्याची सुट्टी ठरवून द्या, रात्रीच्या कुशीसाठी घरातलं एक माणूस नेमा, पगार तारखेला द्या. दोन तासांची शिस्त एकट्या बाईकडून चोवीस तास पाळली जात नाही. ती कुठेतरी चुकणार, आणि जखम तिथेच होणार.

तुमची वही झेरॉक्स करून मूळ प्रत तुमच्याकडे पाठवत आहोत. एअरबेड आणि व्हीलचेअर तुम्ही सांगाल त्या घरी पोचवू. पंप लावून बघितला आहे, नळ्या गळत नाहीत. व्हीलचेअरचा डावा ब्रेक सैल होता, तो घट्ट करून घेतला आहे.

आपली,
बाईंची भाचरं