दुपारी तापवलेलं पाणी

नंदनवन, नागपूर
19 जानेवारी 2025

प्रिय सुमन,

परवा तुझा फोन आला तेव्हा घर हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलं होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. तुझा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. ‘तुमच्याकडे तो पाणी तापवायचा हीट पंप बसवलाय, आम्ही अमरावतीच्या फ्लॅटमध्ये बसवावा का?’ आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. तू बसवू नकोस. आम्ही बसवला याचं मला मनापासून समाधान आहे, आणि तरीही तुला नको म्हणते आहे.

आमच्या घरात अकरा माणसं. तिन्ही भावांचे संसार, पोरं आणि चौऱ्याऐंशीच्या सासूबाई. चार न्हाणीघरं, चार गीझर, प्रत्येक दोन किलोवॉटचा. सकाळी साडेसहाला शाळा, ऑफिस आणि दुकान सगळ्यांचं एकदमच निघतं. चारही गीझर लागले की आठ किलोवॉट, आणि आमच्या मीटरचा मंजूर भार पाच. डिसेंबरात आठवड्यातून दोन-तीनदा तरी मेन स्विच पडायचा. अंगाला साबण लागलेला पोरगा आतून ओरडतोय, धाकटी जाऊ अंधारात स्विच चाचपडतेय, असं चालायचं. दोन हिवाळे काढले असे. सासूबाई पहाटे पाचला अंघोळ करतात, कार्तिकात तर त्याहून आधी. एकदा त्यांच्या पाण्याच्या वेळेला स्विच पडला आणि कुणाला उठवायचं नाही म्हणून त्यांनी गार पाण्याने अंघोळ उरकली. गुडघे आठ दिवस धरले होते. तेव्हा ठरवलं, यावर काहीतरी करायचंच.

वीज जास्त मागून घेणं हा एक मार्ग होता. दुसरा उन्हावर पाणी तापवणाऱ्या सोलरच्या नळ्यांचा. तो मला बराच काळ पटलेलाही होता, पण गच्चीकडे पाहून विचार बदलला. शेजारी पाच मजली इमारत झाली, त्यामुळे आमच्या गच्चीचा मागचा अर्धा भाग आता सावलीत असतो. उन्हाची जागा राहिली ती पुढची. तिथे पाण्याच्या नळ्या ठेवायच्या की विजेची पॅनल? आपल्याकडे मे महिन्यात गरम पाणी हवंय कुणाला? गच्चीवरच्या टाकीचं पाणीच दुपारी हात भाजतं, आम्ही सकाळी बादल्या भरून ठेवतो ती पाणी निवावं म्हणून. म्हणजे नळ्या बसवल्या तर ऐन उन्हाळ्यात त्या नुसत्या तापत पडणार, आणि पॅनल असतील तर त्याच उन्हावर कूलर आणि फ्रिज चालणार. दिरांनी केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटची पॅनल घ्यायचं ठरवलं, त्यावर 78,000 रुपये अनुदान आहे. मग पाण्यासाठी हीट पंपच उरला.

हा चालतो कसा, ते सांगते, कारण दुकानातला माणूस ‘हवेतून उष्णता घेतो’ एवढंच सांगतो आणि मग ते खोटं वाटायला लागतं. फ्रिजच्या मागे हात लावून बघ, गरम लागतो. आतल्या भाजीतली उष्णता ओढून तो मागे टाकत असतो. हीट पंप तेच करतो, फक्त भाजीच्या जागी बाहेरची हवा आणि मागच्या जाळीच्या जागी पाण्याची टाकी. आमच्या यंत्रातला गॅस शून्याखाली 26 अंशांवरच उकळतो. म्हणून दहा अंशांची थंडगार हवासुद्धा त्याच्या दृष्टीने गरमच. ती उष्णता पिऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून आणखी तापवतो, आणि टाकीभोवतीच्या नळीत ती उष्णता पाण्याला देऊन गॅस पुन्हा पातळ होतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. एक युनिट वीज लावली की साधारण तीन युनिटांची उष्णता पाण्यात उतरते.

सासूबाईंना हे समजावताना मजा आली. त्यांचं माहेर काटोलकडचं, परसात तांब्याचा बंब, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ. गच्चीवर येऊन त्यांनी टाकीला हात लावला आणि म्हणाल्या, ‘ना धूर, ना जाय, मंग पानी तापते कसं वं?’ फ्रिजचं उदाहरण सांगितल्यावर खाली जाऊन खरंच फ्रिजच्या मागे हात घालून आल्या. मग दुपारभर सगळ्यांना सांगत होत्या.

पहिल्या आठवड्यात आम्ही तो चोवीस तास चालू ठेवला होता. पहाटे पाणी काढायला लागलो की दहा-अकरा अंशांच्या हवेत कॉम्प्रेसर सुरू व्हायचा आणि किती तरी वेळ घरघरत राहायचा. पण नागपूरचा हिवाळा असा की रात्री शेकोटी आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावं लागतं. जानेवारीत पहाटेचा पारा बारा-तेराच्या आसपास, दुपारचा अठ्ठावीसच्या. मग यंत्राला पहाटे का राबवायचं? आता टायमर दुपारी बारा ते चार लावला आहे. त्या उबदार हवेत त्याला कमी वीज लागते, आणि पॅनल लागली की ती वीजही गच्चीवरचीच असेल. पाणी 55 अंशांवर थांबतं. टाकीला जाड आवरण आहे, पहाटे पाचला सासूबाई नळ सोडतात तेव्हा चार-पाच अंशच उतरलेलं असतं. साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ते 60 वर नेतो.

हिशेब करून बघितला. एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. अकरा जणांचं दीड-पावणेदोन बादल्यांप्रमाणे धरलं, थोडं भांड्यांचं, तर वीस अंशांचं पाणी चाळीस अंशांवर न्यायला रोज नऊएक युनिटं. हीट पंपावर तीन. थंडीचे चार महिने आणि पावसाळ्यातलं थोडं मिळून वर्षाला हजारेक युनिटं वाचतील. तीनशे लिटरचं यंत्र बसवण्यासकट दीड लाखाच्या वर पडलं. चार नवे गीझर घ्यायचे वाचले, ते वजा केले तरी पैसे सुटायला आठ-दहा वर्षं लागतील. हे मी घरात सगळ्यांसमोर मांडलं होतं. तरी घेतला, कारण तो एक किलोवॉटच्या आसपास खातो आणि स्विच पडायचा बंद झाला.

आता तुमचं बघ. तुम्ही दोघं. पंधरा लिटरचं पाणी विसावरून साठ अंशांवर न्यायला 600 किलोकॅलरी, म्हणजे पाऊण युनिटही नाही. दोन किलोवॉटचा गीझर ते वीस-बावीस मिनिटांत करतो. दोघांचं मिळून रोज दीड युनिट. हीट पंपाने त्यातलं एक वाचेल, तेही वर्षातले चार-पाच महिने. त्यासाठी लाखभर रुपये घालू नकोस. पाच स्टारचा पंधरा लिटरचा गीझर घे, अंघोळीच्या वीस मिनिटं आधी लाव आणि अंघोळीला जाताना बंद कर. दिवसभर चालू ठेवण्यात जी वीज जाते तीच खरी नासाडी.

तरी तुझ्या दिरांचं घर बांधून होतंय म्हणालीस, माणसंही भरपूर आहेत. त्यांना हे जरूर सांग, भिंती बंद व्हायच्या आधी. आमच्याकडे कारागीर यंत्र जिन्याच्या वरच्या बंद खोलीत ठेवायला निघाला होता, पाऊस लागणार नाही म्हणून. पण हीट पंप थंड हवा बाहेर सोडतो. बंद खोलीत तीच थंड हवा पुन्हा पुन्हा आत ओढून बसेल. मी हट्टाने उघड्यावर, वर नुसतं पत्र्याचं छप्पर घालून बसवायला लावलं. भरलेली टाकी चारशे किलोच्या घरात जाते, तेव्हा ती खाली तुळई असेल तिथेच. पंख्याची घरघर असते, म्हणून शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीकडे तोंड नको. पावसाळ्यात यंत्रातून बरंच पाणी ठिबकतं, ती गळती नसते, हवेतली वाफ असते. त्याला नळी लावून घ्यावी, आमची कुंडीतली गुलाबं त्यावर जगली.

नळाचा मार्ग आखताना सगळ्यात जास्त डोकं लावावं. गच्चीपासून खालच्या न्हाणीघरापर्यंत आमचा पाइप चाळीस फूट, त्यात चारेक लिटर गार पाणी उभं असतं. ते आधी येतं, मग गरम. आम्ही ते फरशीसाठी बादलीत धरतो. पाइपाला आवरण घातलंय, पण अंतर कमी करता आलं असतं तर बरं झालं असतं. घर जुनं, फोडाफोडी परवडली नाही. नव्या घरात न्हाणीघरं एकावर एक घेतली की हा प्रश्न उरत नाही.

आणि बोरिंगचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. आमच्या जुन्या गीझरची कॉइल काढली तेव्हा तिच्यावर क्षारांचा बोटभर पांढरा थर होता. आता टाकीत फक्त महानगरपालिकेचं पाणी सोडतो. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती झिजत जाते. वर्षातून एकदा उघडून बघायची, हे घेतानाच लिहून घ्यायला सांग. बहुतेक लोकांना अशी कांडी आत आहे हेही माहीत नसतं.

तुझ्या दिरांना निर्णय घ्यायच्या आधी एक काम कर म्हणावं. आठ दिवस घरात रोज किती बादल्या गरम पाणी लागतं ते कॅलेंडरवर मांडायचं. तो आकडा मला कळव, टाकी किती लिटरची लागेल ते मी बसून काढून देते.

सासूबाईंनी तुला आशीर्वाद सांगितलेत. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
वासंती

ता. क. कॅलेंडरवर डोक्यावरून अंघोळ करणाऱ्या बायकांच्या दोन बादल्या धरायला सांग. आमच्याकडे पहिल्यांदा पुरुषांनी हिशेब केला आणि तेवढंच नेमकं राहून गेलं होतं.