जुने सेल द्यायचे कुठे?

ई-कचऱ्यावरचा आपल्या पेपरातला लेख वाचला, बराचसा पटला, पण शेवटी सगळं लोकांच्या जागृतीवर ढकललंय ते काही पटलं नाही. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोणी कचऱ्यात टाकतं का? नाही, कारण शिशाला भाव आहे, दुकानदारच नव्या बॅटरीत पैसे कमी करून ती घेऊन जातो. पण रिमोटचे सेल, मोबाईलची फुगलेली बॅटरी, बंद पडलेली पॉवर बँक यांना कोणी विचारत नाही, मग ते सगळं सुक्या कचऱ्यात जातं आणि गाडीत कचरा दाबताना लिथियमची बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते, धोका कोणाला तर सफाई कामगारांना. केंद्र सरकारचे २००१ चे बॅटरीचे नियम लेड अ‍ॅसिड, म्हणजे इन्व्हर्टरसारख्या शिशाच्या बॅटरीपुरतेच होते, २०२२ च्या नियमांनी सगळ्याच बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. मग सेल विकणाऱ्या किराणा आणि मोबाईलच्या दुकानात कंपन्यांनी एक डबा ठेवावा, आणि जुनी पॉवर बँक दिली की नवीवर थोडी सूट द्यावी, शॉर्ट सर्किट होऊ नये म्हणून सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून आणायचं काम आम्ही करू.

– एक वाचक, पुणे