बोअरच्या पाण्यावर खापर नको

महोदय,

केस विरळ झाले की नाशिकमध्ये पहिला ठपका बोअरच्या पाण्यावर. अशा क्षारयुक्त जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. पण भांग रुंदावणे, कपाळाचे कोपरे मागे सरकणे हा बहुतेकदा आनुवंशिकता आणि हार्मोनचा खेळ असतो. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारे डीएचटी हे हार्मोन केसांची मुळे हळूहळू बारीक करत नेते आणि शेवटी नुसती लव उरते. महागडी तेले हे थांबवत नाहीत.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी होणारी गळती वेगळी. ती बहुधा वर्षभरात आपोआप भरून निघते. पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोनचा विकार) शंका घ्यावी. टीएसएच (थायरॉइडची चाचणी), फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासावे. त्याआधी किमान दोन दिवस बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट फसवतो.

पुरुषांच्या आनुवंशिक केसगळतीवर 5 टक्के मिनॉक्सिडिल हे लावायचे औषध, 1 मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. लोक ते केसांनाच चोपडतात! पहिले काही आठवडे गळती वाढते, कारण जुने केस नव्यांना जागा देतात. नेमकी तेव्हाच बाटली कचऱ्यात जाते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. औषध सोडले की कमावलेले केसही जातात.

फिनास्टेराइड ही डीएचटी कमी करणारी गोळी मात्र दुकानदाराला विचारून घेऊ नये. लैंगिक तक्रारी, नैराश्य संभवते; प्रोस्टेटच्या आजारांसाठीची पीएसए ही रक्तचाचणी जवळपास निम्मा आकडा दाखवते, म्हणून ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावेच. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक