गोत्तिल्ला, नोडोण : फौंड्रीतल्या मामांना आभाराचं पत्र

प्रिय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी शाल, श्रीफळ, कुंद्याचा बॉक्स आणि चार भाषणं झाली. मला बोलायला उभं केलं, पण घसा दाटून आला आणि दोन वाक्यांत मी खाली बसले. तेव्हा राहिलेलं आज लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत, होनग्यात तुमच्यासारख्यांच्या हाताखाली शिकलेले किती तरी जण आहेत. त्यांना यात त्यांचे मामा दिसतील.

मी डिप्लोमा करून सॅण्ड लॅबमध्ये, म्हणजे साच्याची माती तपासायच्या खोलीत, लागले, तेव्हा आपल्या फौंड्रीत, या लोखंड ओतायच्या कारखान्यात, एक समजूत पक्की होती : माती कळायला हाताला गुण लागतो. तो मामांच्या हाताला आहे, म्हणजे विषय संपला. नवीन पोरगा मातीला हात लावायला गेला की जुने म्हणायचे, "तुला नाही जमायचं रे."

ती समजूत तुम्हीच मोडलीत, आणि तीही एका शंभर पानी वहीनं. रोज सकाळी मिक्सरमधली मूठभर माती घ्यायची, दाबायची, मूठ उघडून गोळ्यावरचे बोटांचे ठसे बघायचे, गोळा मधोमध मोडून त्याची कड बघायची आणि ओलाव्याचा आकडा बोलायचा. "साडेतीन." तोवर मी कार्बाइडची पूड घालून ओलावा मोजायचा टेस्टर हलवत असायची. काट्यावर 3.4 आलं की वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी. मग तुम्ही जवळ असेल त्याला हाक मारायचात, "ये की, तू पण सांग." हेल्पर असो, भट्टीवरचा असो, वर्कऑर्डर घेऊन आलेला ऑफिसातला असो. त्याचाही आकडा वहीत.

माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट वेगळीच आहे. तुमचा अंदाज चुकला की तुम्ही स्वतः पेन मागून त्या आकड्याभोवती गोल काढायचात. तीस वर्षं मातीत हात असलेल्या माणसाचे गोल वहीत दिसायला लागले, तशी बाकीच्यांची भीड चेपली. पहिल्या महिन्यात पाच, दोन, सहा असं काहीही सांगणारी पोरं दिवाळीपर्यंत अर्ध्या टक्क्याच्या आत यायला लागली. गुण हाताला लावून घेता येतो, हे मी त्या वहीत रोज लिहिलं आहे.

नंतर पुण्याहून आलेल्या एका ट्रेनरनी कॅरॉल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा 1998 मधला प्रयोग सांगितला. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. काहींना सांगितलं, तू हुशार आहेस; काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस. 'हुशार' म्हटलेली मुलं पुढं सोपं काम निवडायला लागली आणि अवघड कोड्यात अडकल्यावर त्यांचा धीर सुटला. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कामाकडं वळली. ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होता. तुम्ही मला कधी हुशार म्हणाला नाहीत. "आज तू टेस्ट दोनदा घेतलीस, ते बरं केलंस," असं म्हणायचात. तेव्हा मला ते कौतुक फार कोरडं वाटायचं.

मग तो जुलै. पाऊस आठवडाभर उघडला नव्हता आणि पंप केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचात, ब्लो होल निघायला लागले, धातूत पोकळ्या. मशीनिंगला गेलेला माल परत येत होता. मोल्डिंगवाले भट्टीकडं बोट दाखवत होते, भट्टीवाले मातीकडं, आणि मी माझे रिपोर्ट फडकावत होते : माती ठीक आहे, चूक मोल्डिंगची आहे. त्या चार दिवसांत मी एका मोल्डरला सगळ्यांसमोर टोचून बोलले. त्याची माफी मी नंतर मागितली, तीही तुम्ही डोळ्यांनी खुणावल्यावर.

तुम्ही सगळ्यांना फुटक्या केसिंगभोवती उभं केलंत. मॅनेजरनी विचारलं, "मामा, कशानं होतंय हे?" आणि तुम्ही म्हणालात, "गोत्तिल्ला. नोडोण." ठाऊक नाही, बघूया. आपल्याकडं हेडमिस्त्रीनं 'ठाऊक नाही' म्हणणं म्हणजे पगडी उतरवून ठेवण्यासारखं. तुम्ही ते कन्नडमध्ये म्हणालात, कारण मागं कोअर शॉपमधली, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे मातीचे गाभे जिथं करतात तिथली, बैलहोंगलकडची मुलगी उभी होती. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की माणसं आधी सावध होतात, हे आपण सगळेच जाणतो. तुम्ही तिच्याकडं वळून तिच्या भाषेत विचारलंत, "तुला काय दिसतंय, बाळ?" ती हळूच म्हणाली, रात्री ठेवलेले कोअर सकाळी हाताला मऊ लागतात. आठ दिवस तिला हे माहीत होतं. आठ दिवसांत तिला कुणी विचारलं नव्हतं.

कोअरचा रॅक शटरला लागून होता. सिलिकेट घालून गॅसनं कडक केलेला कोअर पावसाची दमट हवा ओढून घेतो. 1300 अंशांच्या वरचं लोखंड त्याच्याभोवती आलं की त्या ओलीची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की धातूतच पोकळी करून बसते. रॅक आत हलवला, कोअर त्याच दिवशी वापरायचे ठरवले, शिळे असतील तर शेकून घ्यायचे. एवढंच होतं.

त्यानंतर शनिवारी चहाच्या वेळी तुम्ही सुरू केलेली बैठक टिकली. क्वालिटी सर्कलचा, म्हणजे कामगारांनीच एकत्र बसून कामातल्या अडचणी सोडवायच्या पद्धतीचा, तक्ता ऑफिसात आधीपासून लावलेला होताच. ही पद्धत जपानात 1962 मध्ये सुरू झाली, आपल्याकडं 1980 मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात आली. आपल्या शॉपमध्ये ती तक्त्यावरून खाली उतरली, ती कोअर शॉपमधल्या मुलीला तुम्ही पहिली खुर्ची दिलीत तेव्हा.

आणि तो रविवार. तुम्ही आम्हा बारा जणांना टेम्पोत घालून मार्कंडेय नदीकाठच्या एका रताळ्याच्या शेतात नेलंत. तिथं पंप चालू होता. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या, पोरानं केसिंगवरून हात फिरवला आणि ओरडला, "मामा, आपलं हाय हे!" शेतकरी म्हणाला, एप्रिलात हा दोन दिवस बंद पडला तर माझं वरचं वावर गेलं. परतीच्या वाटेवर फारसं कुणी बोललं नाही. सोमवारपासून मात्र पोरं 'जॉब' म्हणायची सोडून 'केसिंग' म्हणायला लागली. त्यातला एक जण ओतकामाआधी साच्यात वाकून दोनदा बघतो, अजूनही.

मामा, या सगळ्यासाठी मनापासून आभार. मला चूक कबूल करायला शिकवलंत, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारायला शिकवलंत.

तुमची वही भरली. नवीन आणली आहे. कोअर शॉपमधली ती मुलगी आता सकाळी लॅबमध्ये माझ्यासोबत असते. परवा तिनं 3.2 सांगितलं, टेस्टरवर 3.8 आलं, आणि तिनं पेन मागून स्वतःच गोल काढला.

खंडेनवमीला पूजेला या. मिक्सरला हार तुम्हीच घालायचा, असं सगळ्यांचं ठरलंय.

तुमची,
सॅण्ड लॅबमधली पोरगी